शेतमजूर म्हणून उतरलेला गवंडी

प्रश्न : मी मूळची पुण्याची, सध्या टोरोंटोशेजारच्या मिसिसागाला असते. सासूबाई ८१ वर्षांच्या, जन्माने टोरोंटोच्या. त्यांचे आजोबा, म्हणजे वडिलांचे वडील, इंग्लंडहून आलेले. धंद्याने विटांचं बांधकाम करणारे गवंडी. १९०७ च्या सुमारास आले आणि १९३८ मध्ये टोरोंटोतच वारले, एवढं नक्की माहीत आहे. घरात सांगतात की ते लंडनचे. त्यांची थापी सासूबाईंनी जपून ठेवली आहे. तिच्यावर 'डब्ल्यूएचएस' असा शिक्का आहे आणि तो बर्मिंगहॅमजवळच्या कारखान्याचा निघाला. मग लंडनचे की बर्मिंगहॅमचे? जहाजांच्या प्रवासीयाद्यांत त्याच नावाचे, साधारण त्याच वयाचे ११ जण सापडले. टोरोंटोला जाणारा त्यात एकच होता, पण तो 'शेतमजूर' लिहिलेला, म्हणून सोडून दिला. नागरिकत्वाचे कागद शोधले, काहीच नाही. सासूबाईंना आजोबांचं गाव कळायला हवं आहे. आता कुठून सुरुवात करू?

उत्तर : आधी त्या शेतमजुराला परत यादीत घ्या. तो तुमचाच माणूस आहे असं नाही, पण त्या एका शब्दावरून त्याला बाद करता येत नाही. त्या काळात कॅनडा सरकारला शेतकरी, शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका हव्या होत्या. १८९० पासून सरकार ब्रिटनमधल्या जहाजाच्या तिकीट-एजंटांना अशा 'योग्य' प्रवाशामागे दलाली देत असे. तिला ब्रिटिश बोनस म्हणत. हे पैसे प्रवाशाला मिळत नसत, एजंटाच्या खिशात जात. तेव्हा गिऱ्हाइकाला 'शेतमजूर' लिहिण्यात कोणाचं भलं होतं हे उघड आहे, आणि प्रवाशालाही उतरताना कमी प्रश्न विचारले जात. यादीच्या मूळ पानाची प्रतिमा उघडा आणि त्या नावासमोर किंवा कडेला 'ब्रिटिश बोनस' असा शिक्का किंवा 'बी. बी.' अशी खूण आहे का ते बघा. टंकलेल्या अनुक्रमणिकेत ही खूण येत नाही. खूण असेल तर तिथला धंदा जरा शंकेनेच वाचायचा.

नागरिकत्वाचे कागद न मिळणं हे तर अपेक्षितच होतं. इंग्लंडहून आलेला माणूस जन्माने ब्रिटिश प्रजाजन, आणि कॅनडाचा स्वतंत्र नागरिकत्व कायदा लागू झाला १ जानेवारी १९४७ ला. त्याआधी त्याला अर्ज करण्याचं कारणच नव्हतं. त्या शोधात पुन्हा वेळ घालवू नका.

आणि आता जहाजाचा नाद काही दिवस सोडा. शोध बहुतेक वेळा इथेच फसतो. ११ नावांतून तुमचा माणूस ओळखायचा तर त्याची जन्मतारीख, आईवडील, निदान जन्मगाव हाताशी हवं, आणि जहाजाच्या यादीत बहुधा नाव, वय आणि धंदा एवढंच असतं. त्यातला धंदा हा असा. ज्या कागदांत ही माहिती भरलेली आहे ते कॅनडातले आहेत, काही तर तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. म्हणून १९३८ पासून मागे चालत या, जन्मगाव पक्कं झालं की इंग्लंडमध्ये शिरा, आणि जहाज सर्वांत शेवटी.

पहिला कागद मृत्यूच्या नोंदीचा. ओंटारिओत, म्हणजे टोरोंटोच्या प्रांतात, ७० वर्षांपेक्षा जुन्या मृत्युनोंदी आर्काइव्ह्ज ऑफ ओंटारिओ या प्रांताच्या दप्तरखान्याकडे येतात, त्यामुळे १९३८ ची नोंद खुली आहे. १९३० च्या दशकातला हा फॉर्म चांगला ऐसपैस आहे : जन्मतारीख, जन्मस्थळ, वडिलांचं नाव, आईचं माहेरचं नाव, कॅनडात किती वर्षं होते, धंदा कोणता, त्या धंद्यात किती वर्षं काढली. फक्त एक बघून घ्या, माहिती देणारा कोण होता. त्याचं नाव आणि मृताशी नातं फॉर्मवरच असतं. बायकोने सांगितलेलं जन्मस्थळ आणि जावयाने सांगितलेलं जन्मस्थळ यांचं वजन सारखं नसतं. 'इंग्लंड' एवढंच लिहिलेलं असलं तरी आईचं माहेरचं आडनाव मिळालं तर काम फत्ते. ते का, ते पुढे येईल.

थडग्यावरचा दगडही बघून या. इंग्लंडमधल्या गावाचं नाव कोरायची पद्धत कॅनडात बऱ्यापैकी होती. मात्र त्यावर काटकोन्या आणि कंपास कोरलेला असेल तर 'गवंडी होते याची खूण' म्हणून हुरळू नका. ते फ्रीमेसन मंडळाचं चिन्ह आहे, आणि त्या मंडळात डॉक्टर-वकीलही असत.

मग कॅनडाच्या जनगणना. १९३१ ची २०२३ मध्ये खुली झाली, कारण तिथे ९२ वर्षांचा नियम आहे. १९३१, १९२१ आणि १९११ या तिन्ही लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडा या राष्ट्रीय दप्तरखान्याच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात, आणि तिन्हींत कॅनडात आल्याचं साल विचारलेलं आहे. तिन्ही उत्तरं जुळतील अशी आशा धरू नका. १९०६, १९०७, १९०८ अशी तीन वेगळी सालं आली तरी तो एकच माणूस असू शकतो. बहुतेकदा आल्यानंतर लवकरात लवकर दिलेलं उत्तर जास्त खरं, म्हणून १९११ ला झुकतं माप द्या. त्या वर्षी जन्माचा महिना आणि सालही विचारलं होतं. शिवाय १९१० मध्ये किती आठवडे काम मिळालं, आठवड्याला किती तास, वर्षाची कमाई किती, असे रकाने आहेत. गवंड्याच्या घरात आठवड्यांचा आकडा ५२ च्या बराच खाली दिसला तर दचकू नका. थंडीत चुन्या-सिमेंटचा माल गोठतो, विटेला वीट धरत नाही, आणि काम बंद पडतं. त्यामुळेच हिवाळ्यात तयार झालेल्या एखाद्या कागदावर हाच माणूस 'मजूर' म्हणून भेटू शकतो.

इथे आपल्या भाषेचा एक घोळ सांगायला हवा. मराठीत गवंडी म्हटलं की वीट, दगड, गिलावा सगळं आलं. इंग्लंडमध्ये तसं नव्हतं. विटा लावणारा तो ब्रिकलेअर, दगडाचं काम करणारा स्टोनमेसन, गिलावा करणारा प्लॅस्टरर. तिघांची उमेदवारी वेगळी, संघटना वेगळ्या, आणि एकाने दुसऱ्याच्या कामाला हात लावला तर भांडण. तेव्हा इंग्लंडच्या कागदात 'मेसन' दिसला तर तो तुमचा ब्रिकलेअर नसण्याची शक्यता बरीच. कॅनडात मात्र या भिंती जरा पातळ होत्या आणि एकच माणूस दोन्ही शब्दांनी नोंदलेला सापडतो. 'ब्रिकमेकर' हा तिसराच प्राणी. तो वीटभट्टीवर विटा पाडणारा. दुसऱ्या धंद्यांचे पूर्वज शोधणाऱ्यांनाही हे लागू आहे : इंग्लंडमधला जॉइनर कॅनडात कारपेंटर होतो, फिटरचा मशिनिस्ट होतो, आणि 'इंजिनिअर' तर फारच फसवा शब्द. इंग्लंडच्या खानेसुमारीत तो यंत्रांचा कारागीर असेल, टोरोंटोत तो रेल्वेचं इंजिन चालवणारा असू शकतो.

आता ज्या साधनाकडे लोक सहसा वळत नाहीत ते, शहराची डिरेक्टरी, म्हणजे रहिवाशांची नावं, धंदे आणि पत्ते छापलेलं पुस्तक. टोरोंटोची डिरेक्टरी दर वर्षी निघायची. त्या काळातली 'माइट्स' या प्रकाशकाची आहे आणि टोरोंटो पब्लिक लायब्ररीने ती डिजिटल करून ठेवली आहे. दहा वर्षांत एकदा येणाऱ्या जनगणनेच्या मधली सगळी वर्षं ती भरून काढते. १९३८ पासून एकेक साल मागे जा आणि कागदावर तीन उभे रकाने आखा : साल, पत्ता, धंदा. धंदा आखूड करून लिहिलेला असतो. ब्रिकलेअर आणि ब्रिकमेकर यांची लघुरूपं एकदोन अक्षरांनीच वेगळी असतात, म्हणून त्या अंकाच्या सुरुवातीचं लघुरूपांचं पान आधी वाचा. नाव-धंद्यानंतर पत्त्याआधी 'एच' असेल तर तो घर चालवणारा, 'बी' किंवा 'एल' असेल तर दुसऱ्याकडे राहणारा, जेवणावळीला किंवा खोली घेऊन. लक्षात ठेवा, छापलेल्या सालाची माहिती आधीच्या काही महिन्यांत गोळा केलेली असते. १९०७ च्या उन्हाळ्यात उतरलेला माणूस १९०८ च्या अंकात पहिल्यांदा दिसला तर ते बरोबरच आहे.

पहिली काही वर्षं तो 'बी' म्हणून ज्या पत्त्यावर आहे, तो पत्ता सोन्यासारखा. डिरेक्टरीच्या दुसऱ्या भागात रस्त्यांनुसार घरं लावलेली असतात. तो पत्ता तिथे उघडा आणि घर कोणाचं होतं ते बघा. एकटा कारागीर परक्या शहरात उतरला की आधी आलेल्या भावाकडे, मेहुण्याकडे किंवा गावच्या माणसाकडे टेकतो. आपल्याकडे कोकणातून मुंबईला आलेला माणूस गाववाल्यांच्या खोलीत उतरायचा तसंच. त्या घरमालकाचं आडनाव तेच असेल तर भाऊ किंवा चुलता धरून त्याचा माग काढा. तुमच्या माणसाचं नाव सर्रास असलं तरी भावाचं नाव दुर्मीळ असू शकतं, आणि मग दुर्मीळ नावाच्या भावावरून इंग्लंडमधलं घर एका दिवसात सापडतं.

डिरेक्टरीत पत्ते मिळाले की सिटी ऑफ टोरोंटो आर्काइव्ह्जमधल्या घरपट्टीच्या वह्या उघडता येतात. त्यांत मालक की भाडेकरू, धंदा आणि वय अशी माहिती मिळते. टोरोंटोच्या वायव्येला अर्ल्सकोर्ट भागात तेव्हा इंग्लंडहून आलेल्या कामगारांनी जमिनीचे तुकडे घेऊन स्वतःच्या हाताने घरं उभारली होती. सुरुवातीला लाकडी झोपड्या, पुढे जमेल तशी वीट. तुमचे गवंडी त्या बाजूला सापडले तर आश्चर्य नको.

पहिल्या महायुद्धाची फाइल शोधायला अजिबात विसरू नका. १९१४ मध्ये ते तिशीच्या आसपास असतील, आणि कॅनडाच्या सैन्यात सुरुवातीला भरती झालेल्यांत ब्रिटनमध्ये जन्मलेल्यांचा भरणा मोठा होता. कॅनेडियन एक्स्पिडिशनरी फोर्स, म्हणजे त्या युद्धात लढलेल्या कॅनडाच्या सैन्याच्या, ६ लाखांहून जास्त फायली लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडाने पूर्ण स्कॅन करून फुकट ठेवल्या आहेत. भरतीच्या अर्जावर जन्मगाव, जन्मतारीख, 'तुमचा धंदा कोणता', आणि जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता असे प्रश्न आहेत. लग्न झालं नसेल तर तिथे आईचा इंग्लंडमधला पत्ता असण्याची शक्यता मोठी. वय चोरायची सवय सैन्यभरतीत सगळीकडे होती, म्हणून जन्मवर्ष एकदोन वर्षं मागेपुढे धरा; दिवस आणि महिना मात्र बहुधा खरा असतो.

लग्न कुठे झालं हे तुम्ही लिहिलेलं नाही. ओंटारिओत झालं असेल तर त्या नोंदीत वधूवरांचं जन्मस्थळ आणि दोघांच्याही आईवडिलांची नावं मिळतील. इंग्लंडमध्ये लग्न करून आले असतील तर तिथल्या दाखल्यावर आईचं नाव नसतं, पण दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो. गवंड्याचा बाप गवंडी निघाला तर पुढच्या चाळणीत फार उपयोग होतो.

एवढं झाल्यावर तुमच्या हातात जन्मस्थळाचा काहीतरी शब्द असेल. 'लंडन' असेल तर लगेच थेम्सकाठी जाऊ नका. ओंटारिओतही लंडन आहे. तेही मिडलसेक्स काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) आहे आणि तिथल्या नदीचं नावही थेम्सच. त्यात टोरोंटो शहर तेव्हा यॉर्क काउंटीत, आणि ओंटारिओत डरम आणि नॉर्थंबरलंडही आहेत, सगळी नावं इंग्लंडमधलीच. कागद कोणी, कुठे बसून भरला हे बघितल्याशिवाय गावाचं नाव इंग्लंडच्या नकाशावर ठेवू नका. जनगणनेत जन्मदेश 'इंग्लंड' असेल तर ही शंका मिटते.

आणि इंग्लंडमधलंच लंडन ठरलं, तरी कोणतं लंडन? टोरोंटोत बसलेला माणूस वेस्ट हॅमचा असला तरी 'लंडन'च सांगणार, जसा वसईचा माणूस पुण्यात 'मुंबईचा' म्हणून खपून जातो. पण वेस्ट हॅम १९६५ पर्यंत एसेक्समध्ये होतं, क्रॉयडन सरेमध्ये. शोधयंत्रात काउंटी 'लंडन' निवडली की ही माणसं गायबच होतात. काउंटीचा रकाना मोकळा सोडा.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे. जनरल रजिस्टर ऑफिसच्या संकेतस्थळावर फुकट खातं उघडा. तिथल्या जन्मसूचीत आईचं माहेरचं आडनाव १८३७ पासूनच दिलेलं आहे. इतर ठिकाणच्या जुन्या सूच्यांत ते १९११ नंतर येतं. मृत्यूच्या फॉर्मवरून मिळालेलं आडनाव इथे वापरायचं, आणि ११ जणांचे एकदम दोन होतात. शोधात आडनाव आणि लिंग द्यावंच लागतं, साल दोन वर्षं मागेपुढे धरता येतं. सूचीत महिना नसतो, तिमाही असते : मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. बाळाच्या नोंदीला ४२ दिवसांची मुदत होती, म्हणून १४ मार्चला जन्मलेलं मूल जून तिमाहीत सापडू शकतं. 'मार्चमध्ये नाही' म्हणून परत फिरणारे बरेच असतात.

आईचं नाव मिळालंच नाही तर चाळणी हाताने लावावी लागेल. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुरावा यानेच उभा राहतो. योग्य वयाच्या, त्या नावाच्या प्रत्येक मुलाला एक ओळ द्या. आधी मृत्यूंची सूची बघा. त्या काळी पाच वर्षांच्या आत दगावणारी मुलं खूप होती, आणि या सूचीत वयही दिलेलं आहे, त्यामुळे दोनतीन नावं तिथेच गळतात. मग २ एप्रिल १९११ ची इंग्लंडची जनगणना. त्या दिवशी जो इंग्लंडमध्ये आपल्या बायकोमुलांसह घरात बसलेला आहे तो १९०७ पासून टोरोंटोत राहणारा तुमचा माणूस नव्हे. अजून दोनतीन गेले. उरलेल्यांना ३१ मार्च १९०१ च्या जनगणनेत शोधा : १८-२० वर्षांचा पोरगा, धंदा ब्रिकलेअर किंवा त्याच्या हाताखालचा मजूर. शेवटी ५ एप्रिल १८९१ ला तोच मुलगा आईबापांच्या घरात, आणि बापाचा धंदा. तोच ब्रिकलेअर निघाला तर उत्तमच. नसला तरी शेजारी, आजोबा, मामा बघा, उमेदवारी कुणाच्या तरी ओळखीनेच मिळायची. या जनगणनेत 'लंडन'ऐवजी पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचं, नाव असतं, आणि सासूबाईंना हवं ते गाव तेच.

शेवटी एकच नाव उरलं तरी 'दुसरा सापडत नाही म्हणून हाच' असं ठरवू नका. दोन्ही बाजूंना जोडणारा एक तरी दुवा हवा : भरतीच्या अर्जावरची आई आणि १९०१ च्या घरातली आई एक, किंवा टोरोंटोच्या घरमालकाचं नाव १८९१ च्या घरातल्या थोरल्या भावाचं. तसा दुवा मिळाला की मगच जन्मदाखला मागवा. सूचीतला उल्लेख हा दाखला नव्हे. जुन्या जन्मनोंदींची डिजिटल प्रतिमा कागदी प्रतीपेक्षा बरीच स्वस्त मिळते आणि शोधासाठी तेवढी पुरते.

आता जहाज. कॅनडाकडच्या याद्या १८६५ ते १९२२ पर्यंतच्या लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडाकडे आहेत, आणि ब्रिटन सोडतानाच्या याद्या १८९० पासून १९६० पर्यंतच्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये; त्या फाइंडमायपास्ट या वर्गणीच्या संकेतस्थळावर दिसतात. एकाच प्रवासाची ही दोन वेगळी कागदपत्रं, दोन्ही बघा. एकीत फक्त आद्याक्षर असेल तर दुसरीत पूर्ण नाव असू शकतं, आणि धंदाही वेगळा लिहिलेला सापडतो. लिव्हरपूलच्या यादीत ब्रिकलेअर आणि क्वेबेकच्या यादीत शेतमजूर अशी जोडी मिळाली, तर त्या सोडून दिलेल्या माणसाचा निकाल लागला. उतरण्याचं बंदर मोसमावरून ठरतं. साधारण डिसेंबर ते एप्रिल क्वेबेकला नेणारी सेंट लॉरेन्स नदी गोठलेली असे, तेव्हा जहाजं हॅलिफॅक्स किंवा सेंट जॉनला लागत, काही अमेरिकेतल्या पोर्टलंडलाही. फक्त क्वेबेक धुंडाळून 'नाहीच' म्हणणाऱ्यांचे पूर्वज बरेचदा फेब्रुवारीत सेंट जॉनला उतरलेले असतात.

दोन गोष्टी आणखी. हिवाळ्यात काम नाही म्हणून घरी जाऊन वसंतात परत येणारे कारागीर होते, त्यामुळे ११ नोंदींतल्या दोनतीन एकाच माणसाच्या असू शकतात. दुसरं, नवरा आधी आणि बायकामुलं वर्षभराने, ही सर्रास रीत होती. सासूबाईंच्या आजी इंग्लंडच्या असतील तर त्यांची यादी आधी शोधा. आई आणि तीन मुलं, चौघांची नावं-वयं जुळली की ओळख पटते. एकट्या पुरुषाच्या नोंदीत ती सोय नाही. आणि 'बंदरावर नाव बदललं' असं घरात कोणी सांगत असेल तर ते मनावर घेऊ नका. यादी निघण्याच्या बंदरातच जहाज कंपनीचे कारकून करत. स्पेलिंग चुकायचं, नाव कोणी बदलत नसे.

थापीबद्दल. 'डब्ल्यूएचएस' म्हणजे विल्यम हंट अँड सन्स, ओल्डबरीच्या ब्रेड्स कारखान्याचे. त्यांच्या थाप्या इंग्लंडभर गवंड्यांच्या हातात होत्या, त्यामुळे शिक्क्यावरून मालकाचं गाव ठरत नाही. टाटाची कुदळ आहे म्हणून माणूस जमशेदपूरचा होत नाही. मात्र मुठीचं लाकूड नीट बघा. कामावर हत्यारांची अदलाबदल होऊ नये म्हणून कारागीर आपली आद्याक्षरं तापवलेल्या सळईने किंवा पंचने मुठीवर उमटवत. धूळ कोरड्या कापडाने पुसा आणि तिरप्या उजेडात फोटो काढा. तेल-पॉलिश काही लावू नका, अक्षरं बुजतात. कधीकधी तिथे वेगळीच आद्याक्षरं निघतात, आणि मग थापी कोणाकडून आली हा नवा धागा मिळतो.

इंग्लंडमध्ये ते संघटनेत असतील तर ऑपरेटिव्ह ब्रिकलेअर्स सोसायटीचे कागद कॉव्हेंट्रीला, वॉरिक विद्यापीठाच्या मॉडर्न रेकॉर्ड्स सेंटरमध्ये आहेत. पण शाखा माहीत असल्याशिवाय तिथे विचारून फारसं हाती लागत नाही, आणि सगळेच गवंडी सभासद नव्हते. गाव सापडल्यावरच तिकडे वळा.

गावाच्या मागे जायचं असेल तर चर्चच्या वह्या. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांसारखी घराण्याची नामावळ तिथे एका चोपडीत मिळत नाही, पिढीपिढी जोडावी लागते. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील वहीत बापाच्या धंद्याचा रकाना आहे, त्यामुळे गवंड्याच्या घराण्याचा माग तिथपर्यंत बरा लागतो. त्याआधी धंदा लिहिणं पाद्र्याच्या मर्जीवर.

खर्चाचं म्हणाल तर सुरुवातीलाच वर्षाची वर्गणी भरू नका. वंशावळी शोधण्याचं फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ फुकट आहे, आणि तशाच अ‍ॅन्सेस्ट्रीची ग्रंथालय आवृत्ती बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांत बसून वापरता येते. फाइंडमायपास्टची वर्गणी इंग्लंडच्या टप्प्यावर पोचल्यावर महिनाभरासाठी घ्या, आणि त्याआधी काय शोधायचं ते कागदावर उतरवून ठेवा.

सासूबाईंना एक विचारून ठेवा : त्यांच्या आजी ऑगस्ट १९४० मध्ये हयात होत्या का? त्या महिन्यात कॅनडात १६ वर्षांवरच्या सगळ्यांची राष्ट्रीय नोंदणी झाली होती. आजोबा तोवर गेले होते, पण आजींचा फॉर्म असेल. त्यात त्यांचं जन्मस्थळ, आईवडिलांचे जन्मदेश आणि कॅनडात आल्याचं साल असतं. हे फॉर्म ऑनलाइन नाहीत. स्टॅटिस्टिक्स कॅनडाकडे अर्ज करून, शुल्क भरून मागवावे लागतात. अर्जात १९४० चा पत्ता दिला तर शोध सोपा होतो, आणि तो पत्ता तुम्हाला डिरेक्टरीच्या त्या सालच्या अंकात, त्यांच्या नावापुढे 'विधवा' या शेऱ्यासह मिळेल.